पद्मिनीची ठेवण

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात गर्दी जमते ती लांबलचक ब्यूकभोवती आणि संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसभोवती. रांगेच्या टोकाला एखादी प्रीमियर पद्मिनी असली, तर लोक 'अरे, ही तर आपली टॅक्सी' म्हणून पुढे सरकतात. मुंबईकरांची तिच्याशी इतकी सलगी झाली, की तिला निरखून पाहायचं राहूनच गेलं. जाणकार मात्र तिच्या बगलेला येतात, चार पावलं मागे सरतात आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत नजर फिरवतात. पद्मिनी कळते ती अशी, बाजूने पाहिल्यावर.

तिचं मूळ इटलीतल्या तुरिन शहरात आहे. 1953 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने 1100-103 ही गाडी मांडली. तिच्यामागचे अभियंते दांते जाकोसा. 1936 ची तोपोलीनो आणि 1957 ची छोटी फियाट 500 याही त्यांच्याच. लहानशा जागेत माणसं ऐसपैस बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. 1100-103 मध्ये खाली वेगळी चेसिस नव्हती. पत्र्याचं अंग हाच गाडीचा सांगाडा होता. ती गोलसर, गुबगुबीत होती आणि तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. आपल्याकडे तिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत आणि आजही शौकिनांमध्ये तेच नाव चालतं.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस मोटारींच्या रचनेतली गोलाई ओसरली आणि सरळ रेषा आल्या. फियाटनेही 1957 च्या 1200 ग्रानलुचेमध्ये काचा मोठ्या केल्या, छप्पर हलकं केलं. तोच बांधा 1962 च्या 1100-डीला मिळाला. ही गाडी 1964 पासून कुर्ल्यात 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून तयार होऊ लागली. 1972 मध्ये ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि 1974 पासून राणी पद्मिनीच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

आता तिची ठेवण पाहू. लांबी चार मीटरहूनही थोडी कमी, पण फोटोत एकटी पाहिली तर ती मोठी वाटते. याचं श्रेय खांद्याच्या रेषेला. पुढच्या गोल दिव्यावर पत्रा भुवईसारखा किंचित पुढे येतो. तिथून निघालेली कड दरवाजांवरून जवळजवळ आडवी जाते आणि मागे हलकेच उंचावून शेपटीच्या टोकाला थांबते. नजर कुठेही अडखळत नाही, म्हणून गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते.

त्या काळात अमेरिकेत शेपट्यांची चढाओढ लागली होती. 1959 च्या कॅडिलॅकमध्ये ती कळसाला पोचली. इटालियन हातांनी तीच कल्पना घेतली, पण अंगापुरती ठेवली. पद्मिनीची शेपटी ही पत्र्याला दिलेली एक उंच घडी आहे, आणि तिच्या टोकाशी उभा दिवा बसतो. ती नुसती शोभेचीही नाही. गाडी मागे घेताना चालकाला मागच्या काचेतून दोन्ही कडा दिसतात आणि अरुंद गल्लीत अंदाज चुकत नाही.

या रेषेच्या वर काचांचा मजला आहे. बारीक खांब, रुंद काचा, पुढच्या दारांना वारा आत घेणाऱ्या त्रिकोणी काचा. आत सलग बाकासारखी सीट आणि स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर. त्यामुळे पुढेही तिघं बसू शकत. 1089 सीसीचं इंजिन गाडीला वेगाचा रुबाब देत नव्हतं. तिचा रुबाब होता तो बांध्याचा.

मुंबईच्या टॅक्सीचा रंग या बांध्याला फार शोभला. अंग काळं, छप्पर पिवळं. दोन रंगांची सीमा बरोबर तिथे पडली, जिथे भरीव अंग संपून काचांचा हलका भाग सुरू होतो. त्यामुळे कारखान्यातून एकरंगी निघालेल्या गाडीपेक्षा टॅक्सीतच ही रचना जास्त ठसठशीत दिसते.

ही गाडी इथे रुजली त्यामागे सोलापूरचे वालचंद हिराचंद आहेत. जहाजबांधणी आणि विमाननिर्मितीचे कारखाने उभे करणाऱ्या या उद्योजकाने 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकापुढे पर्याय मोजकेच राहिले. इटलीत 1969 मध्ये फियाट 128 आली आणि 1100 ची मालिका संपली. कुर्ल्यात मात्र पद्मिनी त्यानंतर तीन दशकं बनत राहिली. एवढ्या काळात तिचं इंजिन, ब्रेक, आवाज सगळं जुनं झालं, पण ठेवण जुनाट झाली नाही. उत्तम रचनेची माझ्या मते हीच खरी परीक्षा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली.

आज उरलेल्या गाड्यांना गंजाइतकाच धोका हौसेचाही आहे. रुंद अलॉय चाकं, जागोजागी चिकटवलेलं क्रोम, झगमगीत दिवे यांनी तिचा तोल जातो. त्याहून वाईट म्हणजे पुट्टीचे जाड थर. बाजूच्या पत्र्यावरची घडी धारदार असेल, तरच तिच्यावर उजेड नीट खेळतो. ती बुजली की गाडी गुळगुळीत आणि निर्जीव दिसते. चांगला डेंटर आधी पत्रा सरळ करतो, पुट्टीला शेवटी आणि नावापुरता हात लावतो. असा कारागीर शोधायला वेळ लागला तरी चालेल.

तुमच्या वाड्यात, शेडमध्ये किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात पद्मिनी उभी असेल, तर ती भंगारात देण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा. तिच्या चाकांच्या टोप्या, बोधचिन्हं, नोंदणीचं पुस्तक आणि मूळ रंगाचा एखादा फोटो जपून ठेवा. दुरुस्त करणार असाल, तर आहे तशीच करा; तिच्यात भर घालण्यासारखं काही उरलेलं नाही.