इथली फॅट तिथे! कमरेखालच्या सर्जरीचे चटपटीत किस्से

संगमनेरात सकाळी सकाळी कुणी 'फॅट किती लागली?' असं विचारलं तर पोट आत ओढू नका. चौकशी तुमची नाही, दुधाची चाललीये! 'राजहंस' दुधाच्या या तालुक्यात गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) धरून निघतो. पण आजची आपली फॅट वेगळी. पोटावरून काढायची आणि मागे नेऊन भरायची. नाव ऐकलंय? बीबीएल, म्हणजे ब्राझिलियन बट लिफ्ट!

माहीत आहे का, डेअरी आणि ऑपरेशन थिएटर यांच्यात एक भन्नाट साम्य आहे? दोन्हीकडे फॅट गरगर फिरवतात! डेअरीतली जुनी गर्बर पद्धत आठवा. काचेच्या नळीत आधी सल्फ्युरिक ॲसिड, मग दूध, मग चमचाभरही नाही इतकं अमाईल अल्कोहोल. बूच लावलं, हलवलं (नळी हाताला चटका देते, म्हणून फडक्यात धरायची), सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली की वरच्या निमुळत्या भागात पिवळी फॅट उभी राहते. आकडा वाचा, वहीत लिहा. सर्जनही पोटातून ओढलेली चरबी अनेकदा सिरिंजसकट सेंट्रीफ्यूजमध्ये टाकतात. तीन थर पडतात. वर तेल, मध्ये जिवंत चरबी, खाली रक्त-पाणी.

आणि इथेच ट्विस्ट! डेअरीत वरचा थर म्हणजे पैसा. थिएटरमध्ये वरचं तेल फेकून देतात, कारण ते फुटलेल्या पेशींचं असतं. भाव मधल्या थराला.

आणखी एक योगायोग घ्या. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बरनं ही दुधाची टेस्ट काढली १८९१ मध्ये. जर्मनीच्या गुस्ताव नॉयबरनं दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरचा खड्डा भरला १८९३ मध्ये. म्हणजे फॅट मोजणं आणि फॅट हलवणं, दोन्ही जवळपास जुळी भावंडं!

'ब्राझिलियन' का? कारण ब्राझीलचे सुपरस्टार सर्जन इव्हो पितांगी. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात गाजलेली त्यांची पद्धत चरबी भरण्याची नव्हतीच. ते सैल कातडी कापून उचलून घेत. 'लिफ्ट' तेव्हाची, फॅट नंतरची. आणि या माणसाची एक्झिट बघा. ५ ऑगस्ट २०१६ ला रिओ ऑलिम्पिकची मशाल हातात घेतली आणि दुसऱ्याच दिवशी जगाचा निरोप घेतला.

चरबी ओढून काढायची युक्ती १९७० च्या दशकातली. इटलीतल्या फिशर बापलेकांनी सुरुवात केली आणि फ्रान्सच्या इलूझनं ती सोपी केली. त्याआधीचा किस्सा मात्र अंगावर काटा आणणारा. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिए नावाच्या सर्जननं एका नर्तिकेच्या पायाची चरबी खरवडून काढायला घेतली. गँगरीन झालं. पाय कापावा लागला.

बरं, मूड बदलूया. माहीत आहे का, शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू कोणता? बायसेप नाही, मांडीही नाही. ज्यावर बसून तुम्ही हे वाचताय तो! नाव ग्लुटियस मॅक्सिमस. आणि बीबीएलनंतर नेमकं त्याच्यावरच काही आठवडे बसायची बंदी. झोपायचं पालथं, बसलंच तर मांडीखाली खास उशी घेऊन. कारण? भरलेली चरबी नवीन जागी रक्तपुरवठा शोधत असते. तिच्यावर बसलात तर बिचारीचा श्वासच कोंडतो.

म्हणूनच चरबीचा गोळा एकदम टाकत नाहीत, थेंबथेंब पेरतात. एवढं करूनही सगळी टिकत नाही, बरीचशी शरीर जिरवून टाकतं. टिकते ती मात्र तुमचीच पक्की पेशी. वजन वाढलं की तीही फुगते. पोटाची असो की पाठची, सवय जात नाही!

आता गंभीर पॅरा, स्किप करू नका. २०१७ मध्ये सर्जन लोकांच्याच एका आंतरराष्ट्रीय टास्क फोर्सनं हिशेब मांडला, तर बीबीएलमध्ये साधारण तीन हजारात एक मृत्यू. हौसेच्या शस्त्रक्रियांमध्ये हा आकडा धडकी भरवणारा. कारण काय? नितंबाच्या स्नायूत जाडजूड शिरा असतात. सुई खोल गेली, शीर फाटली, की चरबी थेट हृदयातून फुप्फुसात. चरबी भरायची ती कातडीखाली, स्नायूच्या वर. सगळा खेळ सुई किती खोल गेली याचा. ब्रिटनच्या सर्जन संघटनेनं २०१८ मध्ये आपल्या सदस्यांना 'तूर्त हे करूच नका' असं सांगितलं. २०२२ मध्ये दार किलकिलं केलं ते सुईवर अल्ट्रासाउंडची नजर ठेवायच्या अटीवर. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फ्लोरिडानं फर्मान काढलं की एका सर्जननं दिवसाला तीनच बीबीएल करायच्या. डॉक्टर थकतात हो! त्यामुळे कुणी 'ऑफर प्राइस' म्हणत रील दाखवली तर पहिला प्रश्न पैशांचा नाही, अल्ट्रासाउंडचा विचारा.

आता पुणे-नाशिक हायवेनं खाली उतरू. माहीत आहे का, आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या गोष्टीत एक मराठी गाडीवान आहे? कावसजी. इंग्रजांच्या फौजेचे बैल हाकायचा, टिपूच्या लोकांच्या हाती लागला, नाक गेलं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट बातमी! ती पद्धत उचलून १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जननं इंग्लंडात नाक बसवलं. इथलं तिथे नेण्याची आयडिया आपल्याकडे जुनीच.

आणि पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित? अमेरिकेत राहायचे, व्हीलचेअरवर होते, तरी दरवर्षी भारतात येऊन फाटलेले ओठ मोफत शिवायचे. २००१ चे पद्मश्री. प्लास्टिक सर्जरी म्हटलं की मला आधी तेच आठवतात, इन्स्टाग्राम नंतर.

सुईशिवाय फिगर हवी? मग हिवरगाव पावसा गाठा. संगमनेर तालुक्यातल्या याच गावच्या पवळाबाई हिवरगावकर, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. जोडीला पठ्ठे बापूराव! त्या बोर्डावरचा 'बॉडी शेपर' एकच, कासोटा कचकून खोचलेली नऊवारी. भूल नको, टाके नकोत, फेडली की जैसे थे. (व्हिक्टोरियन मडमा याच कामासाठी झग्याखाली बसल नावाचा पिंजरा बांधून फिरायच्या. बसताना त्यांचे काय हाल होत असतील!)

जेनिफर लोपेझनं पार्श्वभागाचा कोट्यवधींचा विमा उतरवलाय, हे ऐकलंय ना? साफ अफवा. २०१६ मध्ये तिनंच हसत हसत झटकून टाकली.

विम्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या मेडिक्लेमचंही ऐका. कॉस्मेटिक सर्जरी म्हटलं की पॉलिसी हात वर करते. आणि जीएसटी? उपचारांना माफ, हौसेच्या सर्जरीला १८ टक्के. जन्मजात व्यंग असेल किंवा अपघातात इजा झाली असेल तर मात्र सूट. थोडक्यात बिल असं: काढलेली चरबी तुमची, भरलेली चरबी तुमची, वरचे १८ टक्के सरकारचे.