प्रेक्षागृहातले मूल

मुलांना कलांची गोडी लागावी, असे बहुतेक सुशिक्षित मराठी घरांत मनापासून वाटते आणि त्यासाठी वेळ व पैसा दोन्ही खर्च केले जातात. परंतु हा खर्च कोठे जातो हे पाहिले, तर त्याचा फार मोठा वाटा मुलाने काहीतरी 'करून दाखवावे' यावर होत असल्याचे आढळते. चित्रकलेचा वर्ग, गाण्याची किंवा तबल्याची परीक्षा, उन्हाळी सुट्टीतले नाट्यशिबिर, शाळेच्या स्नेहसंमेलनातला समूहनाच आणि या सर्वांच्या शेवटी एखादी स्पर्धा व तिचे प्रमाणपत्र, असा हा क्रम असतो. त्यात गैर काही नाही; मात्र कला करणे आणि कलेचा आस्वाद घेणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, आणि दुसरी पहिलीच्या पाठोपाठ आपोआप येते असे मानण्यास आधार नाही. पाच वर्षे तबल्याचे कायदे घोटलेले, पण एकही मैफल शेवटपर्यंत न ऐकलेले मूल आज सहज सापडते.

आस्वाद घेण्याच्या या क्षमतेला शाळेच्या भाषेत रसग्रहण म्हणतात. दुर्दैवाने शाळेत हा शब्द कवितेखालच्या चार गुणांच्या प्रश्नापुरता उरला आहे. भारतीय साहित्यशास्त्रात मात्र या विषयाचा फार खोलवर विचार झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नटाच्या बरोबरीने प्रेक्षकाच्या गुणांचीही चर्चा येते, आणि दहाव्या-अकराव्या शतकात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने 'सहृदय' ही संकल्पना मांडताना, काव्याच्या वारंवार अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, अशा आशयाचे वर्णन केले आहे. अनुशीलन म्हणजे एखाद्या गोष्टीचा पुनःपुन्हा, लक्षपूर्वक केलेला सहवास. रसिकता जन्मजात देणगी नसून सहवासाने घडते, हे यातून स्पष्ट होते. मुलांच्या बाबतीत म्हणूनच खरा प्रश्न असा उरतो की, त्यांना हा सहवास कोणी, कोठे आणि कशा रीतीने मिळवून द्यावा.

महाराष्ट्रात हा सहवास पूर्वी वेगळी योजना न करता मिळत असे. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, म्हणजे तत्त्वाचे विवेचन होते आणि उत्तररंगात त्याला पूरक असे आख्यान, म्हणजे कथा रंगवून सांगितली जाते. पूर्वरंगात आजीच्या मांडीवर पेंगणारी मुले आख्यान सुरू होताच सावरून बसत, आणि न कळलेल्या निरूपणाचे सूर, ताल व शब्द त्यांच्या कानांवरून गेलेले असत ते वेगळेच. तळकोकणात आणि गोव्यात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात तर बालप्रेक्षकाची सोय नाटकाच्या रचनेतच झालेली दिसते. मुख्य आख्यानापूर्वी होणाऱ्या, आडदशावतार नावाच्या प्रास्ताविक भागात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती अशी पात्रे येऊन गेल्यावर काळ्या वेशातला संकासुर अवतरतो आणि मालवणीत थट्टामस्करी करतो; अखेर विष्णू त्याचा वध करतो. त्याला भिण्यासाठी आणि हसण्यासाठी मुले जागी राहत, पुढे केव्हातरी तेथेच झोपी जात, आणि पहाटे युद्धाच्या प्रसंगी वाद्यांच्या गजराने पुन्हा उठत. या मुलांना कोणी काही समजावून सांगत नव्हते. मोठी माणसे रंगून गेलेली आहेत, हे ती शेजारी बसून पाहत होती. आणि कलेच्या संस्कारात या पाहण्याचा वाटा फार मोठा असतो.

कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेली चित्रे एकेक करून समोर धरत, गाऊन आणि बोलून सांगितलेली रामायण-महाभारतातील कथा. एका कथेच्या चित्रसंचाला पोथी म्हणतात. प्रेक्षकापुढे येणारे चित्र स्थिर असते, परंतु सांगणाऱ्याचे बोट आणि आवाज त्यावर फिरू लागला की त्यातला धनुष्य ताणलेला हात, वळलेली मान, मोठा रेखलेला डोळा एकामागून एक 'दिसू' लागतात. चित्र कसे पाहावे याचा याहून चांगला धडा शोधूनही सापडणे कठीण. नजर कोठे ठेवायची, किती वेळ ठेवायची आणि पुढच्या चित्राची वाट पाहत कसे थांबायचे, हे सारे त्यात व्याख्यानाशिवाय शिकवले जाते. या परंपरेचे जतन करणारे पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेक शहरी वाचकांना या कलेचे नावही प्रथमच कळले.

शहरे वाढली तसा हा अनायास सहवास आटला आणि मुलांसाठी मुद्दाम काही उभारण्याची गरज निर्माण झाली. मराठीत ती रंगभूमीने ओळखली. त्याआधी मुलांचे नाटक म्हणजे मुलांनी शाळेत बसवलेले आणि आईवडिलांनी कौतुकाने पाहिलेले नाटक, असेच समीकरण होते. सुधा करमरकर यांनी अमेरिकेतील बालरंगभूमीचा अभ्यास करून 1959 साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले, तेव्हा या समीकरणाची दिशा उलटली. मुले प्रेक्षागृहात बसली आणि त्यांच्यासाठी नेपथ्य, म्हणजे रंगमंचावरील दृश्यरचना, प्रकाशयोजना, वेशभूषा व संगीत यांत काटकसर करायची नाही, असे ठरले. मतकरींनी 1962 मध्ये 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था काढली आणि 'अलबत्त्या गलबत्त्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' यांसारखी नाटके दिली. 'अलबत्त्या गलबत्त्या'मधील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी केली होती. 2018 साली हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा ती भूमिका वैभव मांगले यांनी केली आणि प्रयोगांना मोठी गर्दी झाली. पहिल्या संचातले नाटक लहानपणी पाहिलेल्यांपैकी कित्येक जण तोवर आजी-आजोबा होण्याच्या वयाला पोचले होते.

चेटकीण आणि राक्षस यांवर टीका करणारेही होते, आणि त्यांचा आक्षेप पूर्णपणे फेटाळण्यासारखा नव्हता. परिकथेत मूल रमते हे खरे, पण त्याच्या रोजच्या जगण्यातल्या अडचणी रंगमंचावर कधी दिसणारच नाहीत काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर जर्मनीतून आले. बर्लिनमध्ये 1960च्या दशकात फोल्कर लुडविग यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या आणि 1972 पासून 'ग्रिप्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाट्यसंस्थेने राजपुत्र व पऱ्या बाजूला सारल्या, आणि घरातली भांडणे, शेजारच्यांचे पूर्वग्रह, मोठ्यांची दादागिरी हे विषय गाण्यांसह आणि भरपूर विनोदासह मुलांपुढे मांडले. या नाटकांत मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. त्यामागचा विचार असा की, रंगमंचावर खरे मूल दिसले की प्रेक्षक त्याच्या गोडपणाचे कौतुक करू लागतो आणि त्याचे म्हणणे मागे पडते. मराठीत ही चळवळ 1980च्या दशकात पुण्यात मॅक्स म्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक केंद्राच्या साहाय्याने आणि डॉ. मोहन आगाशे यांच्या प्रयत्नांनी रुजली; 'छान छोटे वाकडे' हे तिचे सुरुवातीचे नाटक होते, आणि श्रीरंग गोडबोले यांच्यासारख्या लेखकांनी मूळ संहिता इथल्या वाड्यांत, चाळींत व शाळांत अशा काही नेऊन बसवल्या की त्यांचे परकेपण उरले नाही. ग्रिप्सची आणखी एक पद्धत आपल्याकडे फारशी उचलली गेली नाही, ही खेदाची बाब आहे. बर्लिनमध्ये नाटकासोबत शिक्षकांसाठी पुस्तिका काढली जाते, आणि प्रयोगानंतर वर्गात काय बोलता येईल, कोणते खेळ घेता येतील हे तीत सुचवलेले असते. म्हणजे नाटक संपल्यावर मुलाच्या मनात जे चालू राहते, त्याचीही तरतूद केलेली असते.

संगीताच्या बाबतीत अशी तरतूद किती साधी असू शकते, हे एका रशियन कृतीवरून कळते. मॉस्कोतील बालरंगभूमीच्या संचालिका नतालिया सात्स यांच्या सांगण्यावरून सर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी 1936 मध्ये 'पीटर आणि लांडगा' ही निवेदनासह वाजवायची वाद्यवृंदरचना केली. तीत पक्षी बासरीतून बोलतो, मांजर क्लॅरिनेटमधून, आजोबा 'बसून' या वाद्यातून, लांडग्यासाठी तीन हॉर्न वाजतात आणि पीटरसाठी तंतुवाद्ये. प्रयोगापूर्वी ही वाद्ये मुलांना दाखवावीत आणि प्रत्येकाची धून वेगळी वाजवून ऐकवावी, अशी सूचना संगीतकारानेच केलेली आहे. एवढ्या तयारीनंतर मूल गोष्ट ऐकता ऐकता वाद्यवृंदाचा पोत ओळखू लागते.

आपल्याकडे यासाठी परदेशी रचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावच्या भजनी मंडळात पखवाज असतो. वाजवण्यापूर्वी वादक त्याच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतो, ठोका देऊन पाहतो, थोडी काढतो, थोडी लावतो, आणि पातळ, फुटका वाटणारा आवाज हळूहळू खोल व भारदस्त होत जातो. भजन संपले की ती खरवडून काढली जाते. घरात पोळ्यांसाठी मळली जाणारी कणीक आवाज बदलते, हे ज्या मुलाने शेजारी बसून पाहिले आणि दोन्ही आवाज ऐकले, त्याचा कान त्यानंतरच्या प्रत्येक भजनात डाव्या हाताकडे जातो. ताल म्हणजे काय, मात्रा म्हणजे काय, हे त्याला पुढे सांगितले तरी चालते. आधी सांगितले तर ते बहुधा चालत नाही. माहितीने उत्सुकता निर्माण होते अशी शाळांची समजूत असली, तरी मुलांबाबत अनुभव उलटाच येतो.

वस्तुसंग्रहालयाच्या सहलीत ही चूक सर्वांत ठळक दिसते. रांगेतून, तोंडावर बोट ठेवून, एका तासात सगळी दालने उरकायची आणि परतल्यावर निबंध लिहायचा, अशा सहलीतून मुलांच्या लक्षात राहतो तो डबा खाल्लेला बगीचा. पुण्याचे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय हे यासाठी चांगले उदाहरण आहे. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या स्मृतीसाठी या संग्रहाला त्याचे नाव दिले, आणि संग्रह आहे तोही मुलांना ओळखीच्या वाटाव्यात अशा घरगुती वस्तूंचा: दिवे, भांडी, दरवाजे, वाद्ये आणि अडकित्ते. सुपारी कातरण्याच्या या साध्या अवजाला कारागिराने पक्ष्याचा, घोड्याचा किंवा माणसांच्या जोडीचा आकार दिलेला असतो. सगळी दालने सोडून एकाच अडकित्त्यापुढे मुलांना दहा मिनिटे थांबू दिले, तर पाती कोठे संपतात आणि आकृती कोठे सुरू होते, बिजागरी कोणत्या अवयवात लपवली आहे, मुठी दाबल्या की आकृती कशी हलेल, असे प्रश्न त्यांनाच पडू लागतात.

अशा वेळी मोठ्यांनी काय विचारावे, याचीही एक कसाला उतरलेली रीत आहे. अमेरिकेतील संग्रहालयशिक्षक फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी चित्र पाहण्यासाठी तीनच प्रश्नांची पद्धत विकसित केली: या चित्रात काय चालले आहे, कशावरून तसे वाटते, आणि आणखी काय सापडते. चित्रकाराचे नाव, साल, शैली यांचा या टप्प्यावर उल्लेखही होत नाही. दुसरा प्रश्न या पद्धतीचा कणा आहे, कारण 'छान आहे' या गुळमुळीत उत्तराला तो थांबू देत नाही आणि मुलाला पुन्हा चित्राकडेच पाठवतो. मराठी घरांत नाटकाहून परतताना विचारला जाणारा 'आवडलं का?' हा प्रश्न त्यामानाने अगदीच निरुपयोगी आहे, कारण त्याचे अपेक्षित उत्तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेले असते. 'कंटाळा आला' हे उत्तरही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवे. कोणत्या प्रवेशात कंटाळा आला, तेव्हा रंगमंचावर काय चालले होते, असे विचारले तर सात-आठ वर्षांचे मूल पुष्कळदा लेखकाचा नेमका सैल धागा दाखवून देते.

वयाची अट किती खाली आणता येईल, याचा प्रयोग स्वीडिश दिग्दर्शिका सुझान ओस्टेन यांनी केला. स्टॉकहोममधील 'उंगा क्लारा' या नाट्यगटातर्फे त्यांनी 2006 मध्ये तान्ह्या, वर्षाच्या आतल्या बाळांसाठी नाटक सादर केले. आपल्याकडे नाट्यगृहात रडणाऱ्या बाळाला घेऊन आईने बाहेर जावे अशी अपेक्षा असते, आणि मोठ्यांच्या नाटकासाठी ती रास्तही आहे. पण म्हणून मुलांसाठी वेगळे, त्यांच्या बैठकीला झेपेल एवढ्या लांबीचे प्रयोग लागतात, आणि ते मुंबई-पुण्याबाहेर फार थोडे होतात. तालुक्याच्या गावी नाट्यगृह असले तरी बालनाट्य तेथवर पोचत नाही, कारण लहान तिकीटदरात मोठ्या संचाचा प्रवासखर्च निघत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने या अडचणीवर फिरत्या बसचा तोडगा काढला आणि संग्रहालयच शाळांच्या दारी नेले. नाटकाच्या बाबतीत ग्रिप्ससारखे मोजक्या नेपथ्याचे, शाळेच्या सभागृहात उभे राहू शकणारे प्रयोग हा तसाच मार्ग आहे.

बालकाच्या हक्कांविषयीच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारातील 31 वे कलम विश्रांती आणि खेळ यांच्या जोडीने सांस्कृतिक जीवनात व कलांमध्ये मुक्तपणे सहभागी होण्याचा मुलांचा हक्क मान्य करते, आणि भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला आहे. सहभागाचा अर्थ आपल्या शाळांनी आजवर रंगमंचावर उभे राहणे एवढाच घेतला. स्नेहसंमेलनाच्या खर्चातला थोडा भाग वर्षातून दोनदा एखादे चांगले नाटक, चित्रकथीचा खेळ किंवा मैफल शाळेत बोलावण्यासाठी बाजूला काढला आणि त्या दिवशी कोणत्याही मुलाला स्पर्धेत उतरवले नाही किंवा निबंध लिहायला लावला नाही, तर प्रेक्षागृहातली मुलांची रिकामी जागा भरायला सुरुवात करता येईल. शिक्षकांनी त्या दिवशी शिस्त राखण्यासाठी भिंतीशी उभे न राहता मुलांमध्ये बसून खेळ पाहावा, एवढीच त्याला जोडून अट घालावी लागेल.