विश्लेषण : लॅपटॉपला परस्पर लागलेले कुलूप, किल्ली कुणाकडे?

लॅपटॉप दुरुस्त होऊन येतो, सुरू केल्यावर मात्र निळ्या पडद्यावर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. ती आपण कधी घेतली, हेच अनेकांना ठाऊक नसते. फायली सुरक्षित ठेवणारी ही यंत्रणा मालकालाच बाहेर का ठेवते?

कुलूप कधी लागते?

‘विंडोज ११’ची ‘२४एच२’ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. ती असलेला नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला, की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बहुतेक वेळा आपोआप सुरू होते. डिस्कवरील सगळा मजकूर ‘एईएस’ पद्धतीने कूटबद्ध होतो. लॅपटॉप चोरीला गेला, तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडणाऱ्याला काहीच वाचता येत नाही.

रिकव्हरी की केव्हा लागते?

एरवी किल्ली मदरबोर्डवरील ‘टीपीएम’ चिप सांभाळते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसच्या सेटिंग्ज बदलल्या, की चिपला शंका येते आणि रिकव्हरी की मागितली जाते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्यातील कूटबद्ध संगणक दुरुस्त करताना अनेक ठिकाणी एकेका यंत्रावर ही की टाकावी लागली.

ही की असते कुठे?

घरच्या लॅपटॉपची की सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. कार्यालयाच्या लॅपटॉपची आयटी विभागाकडे. विक्रेत्याने स्वत:च्या ई-मेलने लॅपटॉप सुरू करून दिला असेल, तर कीदेखील त्याच्याच खात्यात जाते. की हरवल्यास मायक्रोसॉफ्टही ती काढून देऊ शकत नाही. मग डिस्क पुसून नव्याने सुरुवात करणे एवढेच उरते.

कोणत्या सेटिंग्ज तपासाव्यात?

‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का, ते पाहावे. ‘प्रो’ आवृत्तीत कंट्रोल पॅनलमधील ‘बिटलॉकर’मध्ये कीची प्रत घेण्याचा पर्याय आहे. प्रत छापून महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. त्याच लॅपटॉपवर ठेवली, तर अडचणीच्या वेळी तीही कुलुपातच राहील. ‘एईएस’ १२८ बिटची असावी की २५६ बिटची, याची चिंता घरगुती वापरात नको. दोन्ही पुरेशा भक्कम आहेत.

एखादीच फाइल पाठवायची असेल तर?

डिस्कचे कूटबद्धीकरण ई-मेलने पाठवलेल्या फायलीसोबत जात नाही. त्यासाठी ‘सेव्हन-झिप’सारखे मोफत साधन वापरता येते. त्यात झिप फाइल करताना जुनी, कमकुवत ‘झिपक्रिप्टो’ पद्धत टाळून ‘एईएस-२५६’ निवडावी. ‘सेव्हन-झेड’ प्रकारात ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वरही खूण करावी, अन्यथा आतील फायलींची नावे कुणालाही दिसतात. पासवर्ड त्याच ई-मेलमध्ये लिहू नये, फोनवर सांगावा.

एवढ्याने फायली सुरक्षित होतात?

पूर्णपणे नाही. लॉग-इन केल्यानंतर फायली खुल्याच असतात, त्यामुळे खंडणीखोर व्हायरस त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो. डिस्कच बिघडली, तर कीचाही उपयोग नाही. म्हणून फायलींची वेगळी प्रत हवीच. आणि लॅपटॉप दुरुस्तीला देण्याच्या आदल्या दिवशी की हाताशी आहे ना, याची खात्री करून घ्यावी.