चिप उद्योगातील स्पर्धा आणि गुंतवणुकीचा विवेक

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्याची स्थापना १९७० साली झाली. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. व्याघ्रगणनेसाठी जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंस स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. कारण वाघाच्या दोन कुशींवरील पट्टे सारखे नसतात. या कॅमेऱ्याची दृष्टी आणि स्मृती सिलिकॉनच्या चिपवर अवलंबून असते. ग्रामपंचायतीतील आणि शाळेतील संगणकांचेही तसेच आहे. म्हणूनच या उद्योगातील चुरस ग्रामीण भागानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन प्रतिस्पर्धी

अमेरिकेत इंटेल ही कंपनी १९६८ साली, तर एएमडी १९६९ साली स्थापन झाली. आयबीएमने १९८१ च्या आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलची चिप निवडली. मात्र पुरवठा एकाच कंपनीच्या हाती राहू नये, असा तिचा आग्रह होता. त्यामुळे १९८२ साली एएमडीला त्याच रचनेच्या चिप बनविण्याची मुभा मिळाली. पुढे उभयतांत प्रदीर्घ न्यायालयीन वाद झाले.

२००९ मध्ये एएमडीने आपले कारखाने वेगळे काढले. कालांतराने प्रगत चिपचे उत्पादन तैवानच्या टीएसएमसीकडे सोपवून तिने आराखड्यावर लक्ष केंद्रित केले. इंटेलने कारखाने स्वतःकडेच ठेवले. परंतु नवे उत्पादनतंत्र साधण्यास विलंब झाला आणि २०१७ पासून एएमडीने गमावलेली बाजारपेठ परत मिळविण्यास प्रारंभ केला. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने लाभांश स्थगित केल्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर एनव्हिडिया या तिसऱ्या स्पर्धक कंपनीनेच इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतविण्याचे जाहीर केले. कालची अग्रणी कंपनी उद्याही अग्रणी राहील, अशी हमी या व्यवसायात नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्पासाठी तळेगावचा विचार झाला होता. तथापि सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातशी करार झाला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पनवेल तालुक्यातील तळोजे येथील टॉवर-अदानी प्रकल्पास मान्यता दिली. त्याची प्रस्तावित गुंतवणूक ८३,९४७ कोटी रुपये होती. २०२५ मध्ये त्याची बोलणी थांबल्याचे वृत्त आले. करार, मान्यता आणि प्रत्यक्ष उत्पादन या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत, हे यावरून ध्यानी यावे.

विवेकाची गरज

तेंदूपानांचा लिलाव पान हाती येण्यापूर्वीच होतो, हे गोंदियाच्या ग्रामस्थांस ठाऊक आहे. चिपचा कारखानाही असाच आगाऊ अंदाजावर उभा राहतो. फरक इतकाच, की येथे हंगाम काही वर्षांनी येतो आणि तोवर तंत्र बदललेले असू शकते. शासनाने पाणी, अखंड वीज आणि कुशल मनुष्यबळ यांचा हिशेब आधी मांडावा. सामान्य कुटुंबाने मुलांच्या शिक्षणाची किंवा औषधोपचाराची पुंजी एकाच कंपनीच्या समभागात घालू नये. गावाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक गुंतवणूक म्हणजे शाळेतील गणित व विज्ञानाचे उत्तम शिक्षण होय. स्पर्धेत कोणतीही कंपनी जिंको, त्या शिक्षणाचे मोल कमी होत नाही.