सिलिंग तुटली, वहीत मात्र 'माल पडला'

सुरुवातीलाच आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आम्ही भोसरीच्या एका लहान कारखान्यात कारकून होतो. हजेरी, पगारपत्रक आणि अपघाताची वही एवढे काम आमच्याकडे असे. एका दुपारी आरडाओरडा झाला म्हणून बाहेर आलो, तर आमच्याच वस्तीतल्या एका भावाला दोघांनी खांद्याचा आधार देऊन आणले होते. बूट रक्ताने भरला होता. "काय झाले?" असे विचारले. तो कण्हत म्हणाला, "सिलिंग तुटली." आम्ही वर छताकडे पाहिले. पत्रे जागच्या जागी होते.

आमच्या लेखी सीलिंग म्हणजे छत, नाहीतर जमिनीच्या कायद्यातले सीलिंग. क्रेनच्या हुकाला ओझे ज्या पट्ट्याने बांधतात त्याला स्लिंग म्हणतात, आणि कामगारांच्या तोंडी तिची सिलिंग झाली आहे, हे बी.कॉम. झालेल्या आम्हाला ठाऊक नव्हते. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला पुन्हा विचारण्याचा धीर झाला नाही. सुपरवायझर म्हणाले, "लिहा, माल पडला." आम्ही लिहिले : 'माल हाताळताना निसटून पायावर पडला. कामगाराचे दुर्लक्ष.'

त्या भावाच्या पायाची दोन बोटे गेली. पंधरा दिवसांनी त्याची पत्नी कचेरीत आली. तो मजकूर तिने कोणाकडून तरी वाचून घेतला होता. "दादा, ह्यात यांचीच चूक लिवलीया व्हय?" तिने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे महिन्याभराने शॉपमध्ये जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा त्याच जोडीतला दुसरा पट्टा, कडेला चिरलेला, हुकाला तसाच लटकत होता. वहीत सिलिंगचे नाव असते तर कोणीतरी तो पट्टा तपासला असता. 'माल पडला' म्हटल्यावर तपासायचे काय?

तेव्हापासून आम्ही एक शंभर पानी वही घातली आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आपले बांधव ज्या यंत्रांवर काम करतात त्यांची नावे आम्ही त्यांनाच विचारून त्यात लिहितो. त्या वहीतल्या काही गोष्टी आज वाचकांपुढे ठेवतो.

चुंबळीपासून टेम्पोपर्यंत

ओझ्याची भाषा आपल्याला नवी नाही. आपल्या वाडवडिलांनी डोक्यावर चुंबळ ठेवून ओझी वाहिली. पोत्यांची थप्पी, पहार, दोरखंड, कप्पी हे सारे शब्द राबणाऱ्यांचेच. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. हा शब्दही पुस्तकी पंडितांनी दिलेला नाही, पण १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला तेव्हा तोच शब्द कायद्याच्या नावात गेला. श्रमणाऱ्याचा शब्द सरकारी कागदावर चढतो तेव्हा त्याचा हक्कही चढतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आपल्या भागात कारखाने वाढत गेले आणि त्यांच्याबरोबर नवे शब्द आले. 'टेम्पो' हा शब्द घ्या. आज आपण लग्नाला टेम्पो सांगतो, मोर्चाला टेम्पोने जातो. हे मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, तिचा कारखाना आकुर्डीला आला आणि टेम्पो मराठी झाला. कंपनीने २००५ साली फोर्स मोटर्स असे नाव घेतले, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही. मॅटाडोरही तिथलाच. टाटांचा ४०७ हा ट्रक १९८६ साली आला आणि त्याचा आकडाच नाव झाला. 'चारशेसात सांगितलाय' म्हटले की पुरे. २००५ साली टाटांचा एस हा छोटा ट्रक आला. त्याचे बारसे लोकांनीच केले : छोटा हत्ती!

यंत्रांचेही तेच. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रजाच्या नावाची तीन अक्षरे. त्याने १९४५ साली कंपनी काढली. आज तळेगावजवळही तिचा कारखाना आहे, आणि खणणारे कोणतेही पिवळे यंत्र आपण जेसीबीच म्हणतो. हायड्रा हे एस्कॉर्ट्स कंपनीच्या क्रेनचे नाव. ओझे उचलून, ते पुढे लटकत ठेवून चालत जाणारी कोणत्याही कंपनीची क्रेन आता हायड्राच.

या शब्दांची लाज वाटण्याचे कारण नाही. अडचण निराळीच आहे. कंपनीचे नाव ठाऊक असल्याने ते यंत्र किती ओझे उचलते आणि कशाने उलटते हे कळत नाही. ते कळण्यासाठी यंत्राचे कामाचे नाव आणि त्याच्यावरचा फलक वाचता आला पाहिजे.

शॉपमधली नावे

चाकणच्या एखाद्या गोदामात शिरले की पहिले भेटते ते पॅलेट, म्हणजे माल रचायची लाकडी किंवा प्लास्टिकची फळी. ती थोडी उचलून ढकलत न्यायची हातगाडी म्हणजे हँड पॅलेट ट्रक. आपली मुले तिला 'हाडॉलिक' म्हणतात, कारण ती आतल्या तेलाच्या दाबावर उचलते. तीच बॅटरीवर चालली की बीओपीटी. माल उंच रॅकवर चढवते ते स्टॅकर. अरुंद गल्लीत काटे पुढे काढून माल ठेवतो तो रीच ट्रक. शॉपमध्ये डोक्यावरच्या रुळांवरून धावणारी क्रेन म्हणजे ईओटी. तिच्या लोंबत्या बटणांच्या डबीला पेंडंट म्हणतात. हाताने साखळी ओढून ओझे उचलायचे ते चेनपुली. आपल्या विहिरीवरची कप्पीच, फक्त तिला दात आणि साखळी आली.

फोर्कलिफ्टचे मात्र थोडे समजून घ्यावे. बागेतला सीसॉ आठवा. मध्ये टेकू आणि दोन बाजूंना दोन मुले. फोर्कलिफ्टची पुढची चाके म्हणजे टेकू, पुढे माल आणि मागे लोखंडाचे जड वजन, ज्याला काउंटरवेट म्हणतात. पुढचे मूल जड झाले किंवा टेकूपासून लांब सरकले की मागचे उचलले जाते. म्हणूनच फलकावर नुसते 'दोन टन' नसते, '५०० मिलिमीटर' असा आणखी एक आकडा असतो. मालाचा मध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून अर्ध्या मीटरवर असेल तरच दोन टन, असा त्याचा अर्थ. एक मीटर लांबीच्या खोक्याचा मध्य बरोबर तिथे येतो. दोन मीटर लांब खोका घेतला तर मध्य दुप्पट दूर गेला, मग ती गाडी दोन टन उचलू शकत नाही. कोणी मागे दोन माणसे उभी करून वजन सावरायला सांगितले, तर तो जिवाशी खेळ आहे.

तीन अक्षरे आणि आठ रंग

हुकावर, चेनपुलीवर, क्रेनच्या गर्डरवर तीन इंग्रजी अक्षरे दिसतात : एस, डब्ल्यू, एल. त्यांचा अर्थ, याहून अधिक ओझे लावू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमानेच हा आकडा ठळक लिहिण्याचे आणि उचलण्याची सामग्री वर्षातून निदान एकदा जाणकाराकडून तपासून घेण्याचे बंधन मालकावर घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसायातील सुरक्षा व आरोग्याविषयीची २०२० ची संहिता लागू झाली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी आकडा वाचल्याशिवाय ओझे लावू नये, हा धडा बदललेला नाही.

कापडी पट्ट्यांना, म्हणजे आमच्या त्या सिलिंगला, रंगही ठरलेले आहेत. जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, राखाडी ४, लाल ५, तपकिरी ६, निळा ८ आणि नारिंगी १० टन. हे घरातल्या मुलांनाही पाठ होईल. तरी नुसत्या रंगावर विसंबू नये, पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी वाचावी. चिठ्ठी गेलेला, चिरलेला किंवा जळका पट्टा वापरू नये. धारदार कोपऱ्यावर पट्टा थेट बसू देऊ नये, मध्ये जाड रबर घालावे. त्या भावाचा पट्टा अशाच धारेवर चिरला होता, असे त्याच्या सोबत्यांनी आम्हाला पुढे सांगितले.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींना पटकन समजेल. पाण्याने भरलेली बादली दोघींनी धरून न्यायची असेल तर जवळ जवळ चालले की हलकी लागते, लांब लांब झाले की हाताला रग लागते. पट्ट्यांचेही तसेच. हजार किलोचे ओझे एका हुकातून दोन पट्ट्यांवर सरळ टांगले तर प्रत्येकावर ५०० किलो ताण येतो. पट्ट्यांमध्ये ६० अंशांचा कोन झाला की सुमारे ५७७, ९० अंशांना सुमारे ७०७, आणि १२० अंशांना प्रत्येक पट्ट्यावर पुरे हजार! माल तोच, पण पट्टे पसरले म्हणून ताण दुप्पट.

'खाली' या शब्दाचा घोटाळा

आज आपल्या पट्ट्यात उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे बांधवही राबतात. मराठी गडी ओरडतो, "खाली कर!" त्याला म्हणायचे असते, ओझे खाली उतरव. हिंदी भाऊ ऐकतो, रिकामे कर, कारण त्याच्या भाषेत खाली म्हणजे रिकामे. 'सोड' म्हटले तर हळूहळू सोडायचे की हातातून सोडून द्यायचे? आपण 'ओढ' म्हणतो ती खेचायला, त्यांच्याकडे ओढणे म्हणजे अंगावर पांघरणे. दोघांचेही चुकत नाही, पण मधे ओझे लटकत असते.

जुन्या खलाशांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. जहाजांवर अनेक मुलखांचे लोक, म्हणून त्यांचे हुकूम वेगळेच : वर घ्यायला 'हबेस' आणि खाली सोडायला 'आरिया'. हा आरिया पोर्तुगीज खलाशांकडून आला. त्याचा दुसरा अर्थ कोणाच्याच घरी नव्हता, म्हणून घोटाळा नव्हता.

आज तेच काम हाताच्या खुणा करतात. बोट वर करून लहान गोल फिरवला तर ओझे वर. बोट जमिनीकडे करून गोल फिरवला तर ओझे खाली. एक हात आडवा लांबवून, तळवा जमिनीकडे ठेवून पुढे-मागे केला तर थांबा. दोन्ही हातांनी तसेच केले तर ताबडतोब थांबा. इतर खुणा एकाच ठरलेल्या माणसाने द्यायच्या, पण 'थांबा' ही खूण कोणीही द्यावी आणि ऑपरेटरने ती मानलीच पाहिजे. काल लागलेल्या हेल्परलाही हा अधिकार आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगा.

घराघरात काय करावे

आमचे सांगणे फार मोठे नाही. घरातला मुलगा किंवा मुलगी नव्याने कामाला लागली की रात्री जेवताना तीन प्रश्न विचारा. आज कोणत्या यंत्रावर होतास? त्याच्या फलकावर किती आकडा होता? खुणा कोण देत होते? शाळेत जाणाऱ्या धाकट्याने ती नावे देवनागरीत वहीत लिहावीत. कामगाराचा शब्द एका बाजूला, फलकावरचा शब्द दुसऱ्या बाजूला.

अपघात झालाच, तर सही करण्याआधी मजकूर वाचून घ्या. काय तुटले, त्याचे नाव त्यात आहे का ते पाहा. आणि आमच्यासारखे जे कारकून बांधव आहेत त्यांना हात जोडून विनंती, की शब्द समजला नाही तर पुन्हा विचारा. कामगार जे म्हणाला ते जसेच्या तसे लिहा, 'सिलिंग' तर 'सिलिंग'. ज्याला कळायचे त्याला कळेल. 'दुर्लक्ष' हा शब्द लिहायला सर्वांत सोपा असतो, कारण त्यासाठी शॉपमध्ये जाऊन पाहावे लागत नाही.

त्या भावाचा मुलगा आता चाकणला एका गोदामात लागला आहे. रविवारी वस्तीत आम्ही ही नावे शिकवतो, तिथे तो सुरुवातीपासून यायचा. गेल्या महिन्यात त्याने दुपारी फोन केला. "काका, हिरवा पट्टा आहे, दोन टनी. पण चिठ्ठी फाटलीय, आकडाच दिसत नाही. साहेब म्हणतात कालपर्यंत चालला. काय करू?"

आम्ही म्हणालो, "तुला काय वाटते?"

तो म्हणाला, "नाही वापरणार. वहीत लिहायला सांगतो."

संध्याकाळी त्याने कळवले की पट्टा बाद केला, आणि पुन्हा कोणी वापरू नये म्हणून मधोमध कापून टाकला. वहीत काय लिहिले, असे आम्ही विचारले. "स्लिंग, चिठ्ठी नाही, बाद," तो म्हणाला. आम्ही त्याला ते दोनदा वाचून दाखवायला लावले.