तगरातले तीन बैल

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानमालेत वक्त्यांनी ठणकावून सांगितले, की फिनिशियन म्हणजे दुसरेतिसरे कोणी नसून ऋग्वेदातले पणी. ते इथून गेले आणि जगाला लिहायला शिकवून मोकळे झाले. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी मी त्यांना एवढेच विचारले, की पणी जाताना सगळी अक्षरे घेऊन गेले आणि घरच्यांसाठी एकही ठेवून गेले नाहीत, हे कसे? त्यावर उत्तर मिळाले, "म्हणजे तुम्ही ब्यूलरच्या पंथाचे." मी कोणाच्याच पंथाचा नाही. पन्नास वर्षे जुन्या कागदांच्या धुळीत घालवलेला मास्तर आहे, आणि लिपी राजाने पसरवली, पुरोहिताने पसरवली, या दोन्ही गोष्टींवर माझा विश्वास नाही. लिपी पसरवतो तो घाईत असलेला माणूस. वाणी, गुमास्ता, कारकून.

सिनाईतल्या पिरोजाच्या खाणी, तिथे १९०५ साली पेट्रीला सापडलेल्या रेघोट्या, १९१६ साली गार्डिनरने त्यांत वाचलेले 'बालत' हे देवीचे नाव, पुढे बिब्लोसच्या अहिराम राजाची दगडी शवपेटी, हे सगळे दिवाळी अंकांच्या वाचकाने दहा वेळा वाचलेले असते. बावीस अक्षरे, सगळी व्यंजने, उजवीकडून डावीकडे. ग्रीकांनी ती घेतली आणि आपल्याला नको असलेल्या व्यंजनांचे स्वर केले. पुढे रोम, पुढे सारा युरोप. इथपर्यंत कोणाचे भांडण नाही, म्हणून मलाही त्यात रस नाही.

मला रस आहे तो आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये. पेरिप्लस लिहिणारा इजिप्तमधला ग्रीक व्यापारी इसवी सनाच्या पहिल्या शतकात सांगतो, की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. तिथला माल, त्यात जाडेभरडे कापड पुष्कळ, गाड्यांतून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. हे तगर म्हणजे आपले तेर, हे फ्लीटने १९०१ साली मांडले. शिलाहार राजे स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत. तोवर या तगराच्या शोधात विद्वान कुठे कुठे भटकले, ते सांगत बसलो तर अंक पुरणार नाही.

आता त्या ग्रीक व्यापाऱ्याने ते नाव कोणत्या अक्षरांत लिहिले ते पाहा. ताउ, आल्फा, गामा, आल्फा, ऱ्हो, आल्फा. ही मूळची फिनिशियन अक्षरे, आणि फिनिशियन अक्षरांची नावे म्हणजे वस्तूंची नावे. ताव म्हणजे खूण, फुली. आलेफ म्हणजे बैल. गिमेल म्हणजे उंट. काही जण म्हणतात, फेकून मारायची काठी. रेश म्हणजे डोके. तेव्हा परदेशी कागदावर उमटलेल्या आमच्या गावाच्या नावात तीन बैल आहेत. इंग्रजी मोठा ए उलटा धरला की शिंगे वर येतात, हे मी पोळ्याच्या दिवशी वर्गात फळ्यावर काढून दाखवायचो. तगराचे कापड बैलगाड्यांनी गेले आणि तगराचे नाव बैलांच्या डोक्यांनी लिहिले गेले. योगायोगच आहे, पण म्हातारपणी असे योगायोग सोडवत नाहीत. या तगराचे जे अवशेष उरले, त्यांचा रामलिंगप्पा लामतुरे यांनी केलेला संग्रह तेरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. गोरोबाकाकांच्या समाधीला जाणाऱ्यांतले निम्मेही तिकडे वळत नाहीत.

ब्राह्मीचे भांडण मात्र टाळता येत नाही. ब्यूलर हा काही व्हिएन्नात बसून लिहिणारा परका गृहस्थ नव्हता. १८६३ पासून तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होता, इथल्या पोथ्या त्याने गावोगाव हिंडून गोळा केल्या. त्याने १८९५ मध्ये मांडले, की ब्राह्मी सेमिटिक अक्षरांवरून घडली आणि ती अक्षरे व्यापाऱ्यांनी आणली. गौरीशंकर ओझांनी आपल्या 'भारतीय प्राचीन लिपिमाला'त त्याला कडाडून विरोध केला. पुढच्या पिढ्यांनी फिनिशियनऐवजी अरामी लिपीकडे बोट दाखवले. अरामी ही फिनिशियनचीच लेक, तेव्हा घराणे तेच. खरोष्ठीबद्दल तर वादच उरलेला नाही. ती उजवीकडून डावीकडेच जाते. आणि 'लिपी' हा शब्द? शाहबाजगढीच्या शिलेवर अशोक 'दिपि' म्हणतो, आणि हा इराणी शब्द आहे. ज्या शब्दाने आपण लिहिण्याला हाक मारतो तोच पाहुणा असेल, तर बाकीच्या बाबतीत एवढे ताठ का व्हायचे?

पण दुसऱ्या टोकाचे पंडितही मला पटत नाहीत. ते एक 'ग' दाखवतात, एक 'थ' दाखवतात, सेमिटिक अक्षराशेजारी ठेवतात आणि हात झटकतात. विरजण शेजारणीकडून आणले म्हणून दही शेजारणीचे होत नाही. फिनिशियन क्रमाला अर्थ नाही: बैल, घर, उंट, दार. कंठापासून ओठांपर्यंत तोंडात जशी जीभ फिरते तसा वर्ण लावायचा, ही बुद्धी तिथे कोणाला झाली नव्हती. स्वर लिहायची अडचण ग्रीकांनाही होती, आपल्यालाही. त्यांनी स्वराला स्वतंत्र अक्षर दिले. आपण प्रत्येक व्यंजनात 'अ' मुरवून ठेवला आणि बाकीचे स्वर मात्रा, वेलांटी, उकार करून अंगाखांद्यावर चढवले. दुखणे एक, औषधे दोन.

कोणाला हे घराणे एका जागी पाहायचे असेल तर त्याने लेबनॉनला जाऊ नये. नहपान या क्षत्रप राजाचे चांदीचे नाणे पाहावे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. तिन्ही लिप्यांत तेच: राजा क्षहरात नहपानाचे. बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर फिनिशियनांची तीन नातवंडे. ब्राह्मीबद्दल ज्यांना शंका आहे त्यांनी दोन धरावीत. त्या साठ्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला: तीन कमानींचा डोंगर, उज्जैनीचे चिन्ह आणि नुसती ब्राह्मी. क्षत्रपांच्या पुढच्या नाण्यांवरून खरोष्ठी गळाली. ग्रीक अक्षरे राहिली, पण टाकसाळीतल्या कारागिराला ती वाचता येत नव्हती. हळूहळू ती नुसती नक्षी झाली. लिपी मरते ती अशीच. आधी वाचणारा जातो, मग अक्षराची नक्षी होते.

हे मी पाहिले आहे. माझे आजोबा पटवारी होते, निजामाच्या राज्यातले. जिल्हा तेव्हा सातव्या निजामाच्या नावाने ओळखला जाई. आजोबा मरेपर्यंत धाराशिवच म्हणाले. गावचे दप्तर ते मोडीत लिहीत आणि वर पाठवायचा कागद उर्दूत. आकडे जुळवताना पुटपुटत: अबजद, हव्वज, हुत्ती, कलमन. मला तो मंत्र वाटायचा. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली, पुढे इंग्रजी आली, आणि मास्तर एबीसीडी घोकून घेऊ लागले. के, एल, एम, एन. मी घरी येऊन म्हटले, "आजोबा, हे तर तुमचं कलमन!" ते हसले. मग 'करशत' म्हणून दाखवले. त्यातला पहिला 'क' घशातला, इंग्रजीतला क्यू. क्यू, आर, एस, टी. अलिफची किंमत एक, बेची दोन, जीमची तीन; ग्रीकांचे आल्फा, बीटा, गामाही एक, दोन, तीन. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बैल-घर-उंटाच्या रांगेतले जे तुकडे शाबूत होते, ते धाराशिव जिल्ह्यातल्या एका माळवदाच्या घरात पटवाऱ्याच्या तोंडी होते आणि इंग्रजीच्या वर्गातही. पुस्तकातून मला हे कळायला पुढे पंधरा वर्षे लागली.

आता माझे खरे दुखणे. आजोबांची उर्दू छापील पुस्तकातली नव्हती. कचेरीतली घाईची उर्दू. नुक्ते गाळलेली, अक्षराला अक्षर चिकटवलेली. त्या हाताला शिकस्ता म्हणतात. शिकस्ता म्हणजे मोडलेली. आणि मोडी? तीही मोडलेली. आधी कागदभर रेघ आखायची, मग बोरू शाईत बुडवण्यापुरता उचलायचा, एरवी नाही. ऱ्हस्व-दीर्घाचे लाड नाहीत. एक फारसीच्या अंगणातली, एक हेमाडपंताच्या नावावर सांगितली जाणारी. दोघींची एकमेकींशी ओळख नाही, आणि दोघींना लोकांनी नाव दिले ते एकच. कारण दोघी एकाच माणसाच्या हातात वाढल्या: ज्याच्यासमोर कागदांची थप्पी आहे आणि दिवस मावळायला आला आहे. टायर-सिडॉनच्या वाण्याने इजिप्तच्या शेकडो चित्रांऐवजी बावीस खुणांवर काम भागवले, ते याच घाईने. मोडीला 'अशुद्ध' म्हणून नाक मुरडणारे छापखान्याचे भक्त हे विसरतात. बालबोध देवासाठी होती, मोडी माणसांसाठी.

मी अकरा वर्षे रविवारी मोडीचा वर्ग फुकट घेतला. पहिल्या वर्षी तेवीस मुले, शेवटच्या वर्षी दोन, त्यातला एक माझा भाचा. एका कचेरीत मोडीचे रुमाल पावसात भिजताना मी दोनदा अर्ज दिला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती खोली रिकामी करून तिथे झेरॉक्सचे यंत्र बसवले होते. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली तेव्हा मित्रांनी पेढे मागितले. पेढे दिले, पण संगणकाला मोडी आली, जिल्ह्याला नाही.

मग २०२३ आले. मराठा आरक्षणासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीने जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली आणि ज्या लिप्यांना कोणी विचारत नव्हते त्यांना एका रात्रीत भाव आला. माझ्या ओसरीवर चपलांची रांग लागली. बापाचा, आज्याचा कागद छातीशी धरून तरुण पोरे यायची; आपल्याच आडनावावरून बोट फिरवायची आणि ते ओळखू यायचे नाही. मोडी मी वाचून दिली. शिकस्तासाठी आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे पाठवायचो. दुपारी त्यांच्या दारात, संध्याकाळी माझ्या. असे सात-आठ महिने चालले. यंदाच्या रमजानमध्ये ते वारले. त्यांच्या मुलाला उर्दू बोलता येते, छापील वाचता येते, शिकस्ता नाही.

तुमच्या माळवदावर, सांदुकीत, देवळीत लाल रुमालात बांधलेले काही असेल तर ते रद्दीत घालू नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. त्यातून कागद पुन्हा सुटत नाही. रुमालात कडुनिंबाचा पाला ठेवा. मोडी असेल तर घेऊन या, सकाळी दहाच्या आत मला स्पष्ट दिसते. उर्दू असेल तर सध्या नुसते जपून ठेवा.