पाठ्यक्रमाच्या पलीकडे (लेखांक ६) : अडतिसांतल्या सात

वाचनाची यादी कोण ठरवतं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळी एका ठरलेल्या यादीचा हिशेब मांडू. अमेरिकेतले शालेय विद्यार्थी महाविद्यालयीन दर्जाची ‘एपी स्पॅनिश साहित्य आणि संस्कृती’ ही परीक्षा देतात. तिच्या सक्तीच्या वाचनात ३८ कृती आहेत. त्यांतल्या लेखिकांच्या अवघ्या सात : सोर हुआना, एमिलिया पार्दो बासान, अल्फोन्सिना स्तोर्नी, हुलिया दे बुर्गोस, नान्सी मोरेहोन, इसाबेल आयेंदे आणि रोसा मोन्तेरो यांची प्रत्येकी एक. चार कविता, तीन छोटेखानी गद्यकृती. नाटक किंवा कादंबरी एकही नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या संख्येचा नाही, लेखिकांना मिळालेल्या पानांचाही आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं : पूर्वी बायका लिहीतच कुठे होत्या? लिहीत होत्या, मान मिळत नव्हता. १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीने पार्दो बासानसारख्या मातब्बर कादंबरीकर्तीला दार उघडलं नाही. तिथे पहिली स्त्री, कार्मेन कोंदे, निवडली गेली ती १९७८ मध्ये. बरं, जुना काळ सोडून देऊ. लॅटिन अमेरिकेला साहित्याचं पहिलं नोबेल १९४५ मध्ये मिळालं, ते चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल यांना. त्यांचेच देशबांधव पाब्लो नेरुदा यादीत आहेत, मिस्त्राल नाहीत. इथे गुणवत्तेची सबब चालत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोर्काच्या ‘बेर्नार्दा आल्बाचं घर’ या नाटकात रंगमंचावर सगळ्या स्त्रियाच आहेत. मग स्त्रीजीवन शिकवलं जातंच की! नाटक थोर आहे, वादच नाही. पण स्त्रीपात्र भेटणं वेगळं आणि लेखिकेचं गद्य वाचायला मिळणं वेगळं. मेक्सिकोच्या रोसारियो कास्तेयानोस यांची ‘स्वयंपाकाचा धडा’ ही कथा घ्या. नवी नवरी मांस भाजते आहे; ते लाल असतं, रंग बदलतं, आक्रसतं, शेवटी करपतं. तेवढ्या वेळात तिच्या मनात लग्नाचा सगळा हिशेब चालतो, आणि नवऱ्याला आता काय सांगावं याचे पर्यायही ती रचून पाहते. घडलेलं, घडू शकेल असं आणि घडायला हवं होतं असं, यांची ये-जा एका स्वगतात कशी होते ते विद्यार्थ्याला इथे दिसतं. प्रगत वर्गात शिकवायचं असतं ते हेच.

उरतो व्यवहाराचा प्रश्न : वेळ तेवढाच, मग गाळायचं कोणाला? कोणालाच नाही. लोर्का, बोर्हेस आणि गार्सिया मार्केस यांच्या प्रत्येकी दोन कृती यादीत आहेत. एकेक ठेवली तरी तीन जागा मोकळ्या होतात आणि एकही नाव गळत नाही. पहिली मिस्त्राल यांना द्यावी, दुसरी कास्तेयानोस यांना. तिसरी एलेना पोनियातोव्स्का यांना : १९६८ च्या त्लातेलोल्को हत्याकांडावरच्या त्यांच्या पुस्तकात विद्यार्थी, आया, कैदी आपापल्या बोलीत साक्ष देतात. यादी करणाऱ्यांनी एवढा बदल केला, तरी सातच्या दहा होतील. आणि शिक्षकांनी त्याची वाट पाहत बसायचं काहीच कारण नाही.